जास्त दाबाचा तुकडा

"आवाज खाली घे की खाल्या, सर तितंच हायत!"

"असू देत. त्येंच्यासमोर सांग, स्क्रू आवळ म्हणून कोण म्हणालं ते."

कॉलेजच्या हॉलमधनं मला ओढत जिन्याखाली आणलं होतं अमृतनं. भवानी पेठेत एकाच बोळात वाढलो आमी. मी नववीत शाळा सोडली, हा इंजिनिअर व्हायला निघाला.

मी टी-शर्टवर चित्रं छापतो. गरम प्रेस, वर दाब कमी-जास्त करायचा स्क्रू. मागच्या आठवड्यात हा कार्बनचं काळं कापड घेऊन दुकानात आला. हायड्रोजनवर वीज बनवायची, म्हणे. कापडावर प्लॅटिनमची शाई लावलेली. दोन कापडांच्या मधी पातळ पडदा ठिवून दाबायचं, तयार तुकडा म्हंजी सेल. "तुझ्या तुकड्यावर पंखा फिरणार बघ!"

मी स्क्रू आवळला. हा म्हणतो, "अजून."

"पार चपटं होईल की."

"होऊ दे. आवळ."

पेठभर सांगत फिरलो मी. आज कॉलेजच्या प्रदर्शनाला अम्मीला घेऊन आलो. ईदचा ड्रेस घातलाय तिनं.

आन् टेबलावर दोन तुकडे. एकावर पंखा गरगर. दुसऱ्यावर पातं हलंना. कडेला माझ्या प्रेसचा जळका चट्टा, लांबनंच ओळखला मी. खाली चिठ्ठी: जास्त दाब. हा पोरींना समजावत होता, जास्त दाबलं की कापडाची बारीक भोकं बुजतात, गॅस आत शिरत न्हाय, वीज बनताना झालेलं पाणी बाहेर पडत न्हाय, सेल मरतो. तितंच ओरडलो मी, म्हणून हितं जिन्याखाली.

"फिरणारा कुणी दाबला?"

"मीच. कॉलेजच्या मशीनवर."

"मग माझ्याकडं कशाला तडफडलास?"

"प्रोजेक्टच त्यो हाय रे. कशानं बिघडतं ते दावायला बिघडलेला बी लागतो. हितल्या मशीनवर सर एवढा दाब देऊ देत न्हाईत."

"मग तसं सांगायचंस! खाल्या, एक वाया घालव म्हणायचंस. हसत घालवला असता."

"तू? मुद्दाम खराब काम? तुला ओळखत न्हाय व्हय मी?"

ओळखतो. त्येच तर लागलं मला. कॉलरच धरली मी त्याची.

तेवढ्यात हॉलमधनं अम्मीची हाक. "खालिद! तेरावाला कौन्सा रे? ये घूमरा सो?"

अमृत हळूच म्हणाला, "व्हय, फिरणारा माझाच म्हण की. मी बी व्हय म्हणतो."

सोडली कॉलर. अम्मी एकटीच टेबलापाशी हाय, कोणतरी तिला ती चिठ्ठी वाचून दावंल. त्येच्या आदी मला जायला पायजे आता.