वाऱ्याने पाडलेल्या पपया

मोश्टेरुश गावावर रात्रभर वारा घोंगावला आणि सकाळी लुसिंदाने परसदार उघडलं तेव्हा पपईची सगळी झाडं आडवी झाली होती. हिरवीगार, दगडासारखी कडक फळं चिखलात विखुरली होती. रविवारी तिच्या तान्ह्या लेकीचा बाप्तिस्मा होता. तिला रडूच कोसळलं.

सासूबाई, ज्यांना गाव मानाने 'न्हा' ओर्तांसा म्हणे, मागून आल्या. त्यांनी एक पपई उचलून झग्याला पुसली, नखाने टोचून पाहिली. पांढरा चीक टपटप गळला.

"रडतेस काय? गोडाला अशी कच्चीच लागते. पिकल्यावर नुसता लगदा होतो."

"पण आई, एवढ्या सगळ्या?"

"एवढ्या सगळ्या. हाताला तेल लाव आधी, नाहीतर चिकाने खाज सुटेल."

दोघी सोलायला बसल्या. फोडी मिठाच्या पाण्यात पडल्या, उकळी येऊन ते पाणी फेकलं गेलं. केकसाठी आणलेली साखर न्हा ओर्तांसांनी बेधडक बाहेर काढली. अडलं ते भांड्यापाशी. एवढा ऐवज मावेल असा तांब्याचा टोप गावात एकीकडेच होता, शेजारच्या जेनोवेव्हाकडे. आणि तिच्या शेळ्यांनी न्हा ओर्तांसांचा मका फस्त केल्यापासून त्या दोघींचा अबोला होता.

"मी मागून आणते," लुसिंदा उठली.

"तू कशाला? भांडण माझं आहे."

न्हा ओर्तांसांनी डोक्याचा रुमाल नीट बांधला आणि ताठ मानेने कुंपण ओलांडलं. लुसिंदा बाळाला कडेवर घेऊन बघत राहिली.

"काय गं, वाट चुकलीस?" जेनोवेव्हा दारातूनच म्हणाली.

"वाट बरोबर आहे. टोप हवाय तुझा. आणि मक्यावरून मी जास्तच बोलले होते."

जेनोवेव्हा दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "टोप देते, पण मीही येणार. करपवलास तर?"

"माझ्या हातून कधी काही करपलंय?"

"नाही ना! त्याचंच तर गावाला दुखणं आहे."

टोप चुलीवर चढला. साखर विरघळली, तिच्यात पपईच्या फोडी, दालचिनीच्या कांड्या, लवंगा आणि लिंबाची साल पडली. साल काढताना पांढरा भाग जराही राहू नये म्हणून न्हा ओर्तांसा प्रत्येक तुकडा उजेडात धरून पाहत होत्या. वाफेला असा वास सुटला की रस्त्याने जाणारे कुंपणाशी रेंगाळू लागले. पाकाला तार आली का ते त्यांनी बोटांच्या चिमटीत पाहिलं, मान हलवली, पुन्हा पाहिलं. हळूहळू फोडी काचेसारख्या झाल्या, आरपार दिसणाऱ्या, तरी एकही मोडली नव्हती.

"आता उतरव," त्या म्हणाल्या, आणि जेनोवेव्हाने मुकाट्याने एक कान धरला, त्यांनी दुसरा.

रविवारी चर्चमधून परतलेल्या पाहुण्यांनी बकरीच्या चीजवर त्या फोडी ठेवून खाल्ल्या. बघता बघता बशा रिकाम्या झाल्या. शेवटी पाद्रीबाबांनीच बशी पुढे केली, "आणखी आहे ना?"

"आहे की!" जेनोवेव्हा ओरडली. "आमच्या ओर्तांसाने केलंय. असं दुसरं कोणाला जमणार?"

न्हा ओर्तांसा लाजून बाळाचं झबलं सारखं करू लागल्या. सासूला लाजताना लुसिंदाने कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला तिने सर्वांच्या आधी त्यांच्या बशीत वाढलं.