साठ सेकंदांची शांतता

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. काठीच्या टोकाला बसतो आणि अंगावर केसाळ टोपडं घालतो. कुणी मला बोका म्हणतं. हसा खुशाल! श्रवण ही पहिली भक्ती म्हणतात, आणि देवाने मला तेवढीच दिली. ना डोळे, ना तोंड, नुसता कान.

कारखान्यात तारा जुळवणारी बाई म्हणाली होती, "नीट ऐक रे बाबा." तोच माझा गुरुमंत्र. पुढे कितीतरी भाषणं ऐकली. टाळ्या वक्त्याला मिळत, खरखर झाली की शिव्या मला.

मग सिनेमावाल्या बाईंनी मला घेतलं. लढाईहून परतलेले सैनिक आणि त्यांच्या घरचे मिळून स्वतःचा सिनेमा करत, बाई फक्त शिकवत. अशाच एका घरात प्रश्न आईचे होते, कॅमेरा बाबांच्या हाती होता आणि माझी काठी मुलीकडे.

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. बोलणं संपल्यावर ती मिनिटभर टिपून ठेवायची. सिनेमा जोडताना कापलेली वाक्यं तिनेच सांधता येतात. पण त्या मिनिटात बाबा तीनदा उठून गेले होते. लढाईहून आल्यापासून सहा वर्षं त्यांचा रेडिओ दिवसरात्र चालू असे, फक्त आम्ही टिपत असताना बंद.

"बाबा, आज उठलात तर मी मावशीकडे राहायला जाते. त्या रेडिओपायी माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

"जबरदस्ती नाही हं," बाई म्हणाल्या.

"घ्या," बाबा म्हणाले.

शांतता सुरू झाली. खुर्ची करकरली. बाबांचा श्वास दातांतून येत होता. वीस सेकंद. तीस. चाळीस.

धाड!

वाऱ्याने दार आपटलं. खुर्ची कोसळली, बाबांची पावलं दाराकडे धावली, कडी खडखडली. माझा जीव टांगणीला लागला. पण दार उघडलं नाही.

"त्या दिवशीही असंच शांत होतं," बाबांचा आवाज आला. "मला वाटलं, धोका टळला. मीच दोस्ताला म्हणालो, हो पुढे. तो गेला तो गेलाच."



"अहो, सहा वर्षं नुसता रेडिओ ऐकवलात," आई म्हणाली. "हे का नाही सांगितलंत?"

"हे ऐकू येऊ नये म्हणूनच तर लावत होतो."

मुलीने नाक ओढलं. "बाबा, मिनिट बिघडवलंत माझं. परत घ्यावं लागणार."

"घे बाई. पण ते दार कुणीतरी धरा."

आईची पावलं दाराशी गेली आणि तिथेच थांबली. या वेळी मी पूर्ण साठ सेकंद ऐकले. त्यांत घरच्या तिघांचे श्वास होते, आणि एकही दाराबाहेर गेला नाही.

आता मी कपाटात पडून आहे. टोपडं झडलंय, तार तुटलीय. जमलं तर जोडा, नाही जमलं तरी माझी तक्रार नाही. एवढंच मागतो, मित्रांनो: तुमच्या घरात कुणी रेडिओ मोठा करून बसत असेल, तर ओरडून बंद करू नका. आधी दार धरून उभे राहा.