अपघातमुक्त सातवी

हिरालालनं मला लेझमांच्या पेटीत कोंबलं, कडी लावली आणि वर बसला, तेव्हा अख्खी सातवी वर्गातच होती. गुलाबही. आमच्या क्वार्टरची आणि त्याच्या क्वार्टरची भिंत एकच. पेटीच्या फटीतून तो मला दिसत होता. तो खिडकीतून प्लांटची क्रेन पाहत होता. क्रेन रोजचीच होती.

"गुलाब, गुरुजीले सांग ना बे."

"सांगतो ना. उद्या सांगतो."

"उद्या कावून?"

"आज साहेब झेंडा द्याले येऊन राहिले. आज बोललो तं ॲक्सिडेंट होते."

झेंड्याचा मामला असा. प्लांटच्या देखादेखी आमच्या शाळेनं 'सेफ्टी' काढली होती. महिनाभर ज्या वर्गात अपघात नाही, त्याला हिरवा झेंडा, आणि वर्गाला प्लांटची लोखंडाची भट्टी पाहायला नेणार. अपघात म्हणजे गुरुजींच्या कानावर गेलेला. त्यामुळे त्या महिन्यात सातवीत कोणाला काही झालं नाही. माझं नाक फुटलं होतं, पण ते खाजगीत.

"भट्टी मलेही पाहाची आहे," मी म्हणालो. "बाबा तिथंच कामाले आहेत."

"मंग गुपचूप बस ना," वरून हिरालाल म्हणाला. "तुह्याच फायद्याचं आहे."

मी पाय पोटाशी घेतले.

गुरुजींसोबत प्लांटचे साहेब आले. हिरालाल उतरला, कडी राहिली.

"सब ठीक है?" साहेबांनी विचारलं.

"जी साब!" सातवी ओरडली. सवयीनं मीही ओरडलो. फक्त जरा उशिरा.

"ये कौन बोला?"

मी फटीला डोळा लावला. कोणी नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. गुलाबनं घसा खाकरला. आता बोलतो, म्हटलं. पण त्याचा घसाच खराब होता.

"नई बिल्डिंग है साब," गुरुजी म्हणाले. "आवाज घूमता है."

टाळ्या झाल्या. झेंडा मिळाला. साहेब जीपमध्ये बसून गेले.

आता झेंडा ठेवायचा कुठं? शाळेच्या सगळ्या किमती वस्तू राहायच्या लेझमांच्या पेटीत. गुरुजींनी कडी काढून झाकण उघडलं. ते माझ्याकडे पाहत राहिले, मी त्यांच्याकडे. त्यांच्या मागे अख्खी सातवी खिडकीतून क्रेन पाहत उभी होती.

"हात साफ आहेत?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"हो, गुरुजी."

त्यांनी झेंड्याची नीट घडी केली, माझ्या हातात दिली, आणि माझ्या डोक्याला लागू नये अशा बेतानं झाकण लावलं.