बुडाखालचं गवत

होडीवर राहणाऱ्याला घरभाडं लागत नाही, असं जमिनीवरची माणसं म्हणतात. मित्रांनो, हाँगकाँगजवळच्या चेउंग चाऊ बेटाच्या किनाऱ्यावर बांधलेली मी एक म्हातारी होडी. तीन पिढ्या माझ्यावर नांदल्या. तेव्हा मला विचारा. साफ खोटं आहे ते!

चहूकडे पाणी, पण प्यायचं पाणी विकत. पाणीवाली आ-साम तिची होडी माझ्या कडेला लावून ओरडायची, "क्वाई-हो ताई, एवढंच? चहा काय समुद्राचा करतेस?"

"तुझ्या भावापेक्षा समुद्र परवडला गं बाई!" माझी मालकीण क्वाई-हो म्हणायची.

दोर कुजायचे. फटी चुन्यानं आणि तागानं बुजवायच्या, वरून पाणी आत शिरू नये म्हणून तुंगाच्या बियांचं तेल. पण खरा व्याप माझ्या बुडाचा. समुद्रातले किडे लाकूड आतून पोखरतात. म्हणून उधाणाच्या भरतीला मला वाळूवर चढवायचं आणि ओहोटी लागली की बुडाखाली वाळकं गवत पेटवायचं. किडे तडतडून मरायचे. नवरा गेला, तरी क्वाई-होनं हा नेम मोडला नाही. "काय टणक होडी!" लोक म्हणायचे. मी फुगायचे.

मग नात झाली, सिउ-लिंग. माझी ओल तिच्या छातीत शिरली. खोकताना पोरीच्या बरगड्या दिसायच्या. डॉक्टर म्हणाला, कोरडी खोली पाहा, नाहीतर पोर हातची जाईल.

तेवढ्यात सरकारनं होडीवाल्यांना किनाऱ्यावर खोल्या द्यायचं ठरवलं. तपासणीला साहेब आला. त्यानं माझ्या बुडात लोखंडी सळई खुपसली. ती शिरेना.

"ठणठणीत आहे. होडी बुडायला आलेल्यांनाच खोली."

"साहेब, पोरगी आजारी आहे हो."

"मी होडी तपासायला आलोय, आजी. पोरगी नाही."

त्याच्या काळजाचा दगड माझ्या पोटात भरला असता, तर मी तेव्हाच बुडाले असते!

तो गेल्यावर मुलगा मान-हॉय आईवर उसळला. "तपासणी तोंडावर आणि तू गवत पेटवलंस?"

"अरे, सवयीचे हात. राहवलं नाही."

"त्याच हातांनी पोरीची खोली घालवलीस."



पुढच्या उधाणाला शेजारच्या होड्या वाळूवर चढल्या. मी नांगरालाच. आणलेली गवताची पेंढी क्वाई-होनं शेजारणीला देऊन टाकली. मग माझ्या फळीवर हात ठेवून म्हणाली, "राग धरू नकोस, बाई. खाऊ दे त्या किड्यांना."

आणि त्यांनी मला खाल्लं. रोज सकाळी ती डबड्यानं माझ्यातलं पाणी उपसायची, पण गवत पेटवलं नाही. साहेब पुन्हा आला, तेव्हा सळई लोण्यात जावी तशी गेली.

"हां, आता कसं!" साहेब खूश.

खोली मिळाली. सामान उतरवताना सिउ-लिंगनं विचारलं, "आजी, होडी नाही येणार?"

"तिनंच खोली दिली, बाळ," क्वाई-हो म्हणाली, आणि मागं न बघता चढण चढून गेली.

आता मी चिखलात कलंडून पडले आहे. वस्तू जपा, असं माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात. मी कुठल्या तोंडानं सांगू? जिनं मला जपलं, तिला जपल्याचीच शिक्षा झाली. म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. मोठे व्हाल, एखाद्या दिवशी ती सळई तुमच्या हातात येईल. बुडात खुपसण्याआधी वर कान द्या. आत कुणी खोकत असेल.