दोन्हीकडून पाडलेलं भोक

साडूचं तोंड माणसाने लग्नाकार्यात पाहावं, दोन घास खावेत आणि आपल्या घरी जावं. उस्तादाच्या नशिबी मात्र ते रोज कारखान्यात, शेजारच्या लेथ यंत्रावर होतं. उस्ताद हे नाव कारखान्याने दिलं असं तो सांगे. खरं तर ते त्याने स्वतःच पाडून घेतलं होतं. साडूचं नाव त्याने ठेवलं गोगलगाय. मेव्हणीसाठी हे स्थळ पाहताना सासरे चष्मा घरी विसरले असणार, याची त्याला खात्री होती.

कारखान्यात नवा मोठा लेथ आला होता. हातभर लांब पोलादी दांड्यात करंगळीएवढं भोक आरपार पाडायचं, नाकासमोर सरळ. ज्याचं चांगलं येईल त्याला नवा लेथ, असं मालकीणबाईंनी जाहीर केलं. उस्तादाने घरी बायकोला सांगूनही टाकलं, की लेथ आपलाच.

"आणि आमच्या धाकटीचे मिस्टर?" तिने विचारलं.

"तो? त्याचं भोक पडेपर्यंत आपली पोरं पेन्शनीत निघतील!"

साडूने आधी आखूड, जाड ड्रिलने दांड्याच्या टोकावर मधोमध तोंड करून घेतलं. मग लांब ड्रिल लावलं. बोटाच्या पेराएवढं आत गेलं की बाहेर काढायचं, कीस ब्रशने झाडायचा, तेल सोडायचं, पुन्हा आत.

"काय साडूबुवा, भोक पाडताय की बाळाला भरवताय?"

"कीस अडकला की ड्रिल भरकटतं, दादा."

"ड्रिल भरकटतं म्हणे! नाचता येईना, अंगण वाकडं!"

उस्तादाने एका बाजूने निम्म्यापर्यंत ड्रिल दामटलं, दांडा उलटा करून लेथच्या पकडीत धरला आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने उरकलं. मग दांडा खिडकीकडे धरून डोळा लावला. पलीकडचा उजेड दिसला. झालं काम! तो चहा पिऊन आला, आणि येताना मुद्दाम साडूच्या पुढून रेंगाळत आला.

मालकीणबाईंनी भोकाहून केसभर बारीक असा गज आणला. साडूच्या दांड्यातून तो आपल्याच वजनाने सरकत खाली उतरला. उस्तादाच्या दांड्यात निम्म्यावर थांबला. दुसऱ्या टोकाकडूनही निम्म्यावरच. घोडं तिथेच पेंड खात होतं : दोन भोकं मध्ये एकमेकांसमोर आलीच नव्हती, जरा चुकून शेजारी उभी होती. उजेडाचं काय, तो फटीतूनही येतो.

"गज वाकडा आहे," उस्ताद म्हणाला.

बाईंनी गज सपाट टेबलावर लोटला. तो न अडखळता सरळ घरंगळत गेला.

"अंगणच वाकडं!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळा कारखाना खिदळला.

बाई साडूकडे वळल्या. "तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"दादांनीच. मी नवा होतो तेव्हा. लांब भोक दोन्हीकडून पाडतो तो खरादी नव्हे, उंदीर, असं म्हणाले होते. ते काही मी विसरलो नाही."

उस्तादाने त्या आवाजात टोमणा शोधला. टोमणा असता तर परतवता आला असता. पण हा गाढव मनापासून बोलत होता, वर त्याच्याकडे आदराने पाहत होता. इतकी वर्षं साडूसाठी राखलेला सगळा तिटकारा उस्तादाच्या स्वतःवरच उलटला.

नवा लेथ कुणाचा, हे कोणी विचारलंही नाही. उस्तादाने दांडा भंगाराच्या पिंपात टाकला आणि चपला शोधू लागला. घर गाठायचं होतं, मेव्हणीचा फोन बायकोला जायच्या आत.