पिवळी राहिलेली बाटली

१९९६च्या उन्हाळ्यात शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात, दर मंगळवारी दोन-अडीचशे माणसं पोट धरून जमत. चिंचेखाली मगनबाबा बसे. समोर हळदीच्या पाण्याची परात. रोग्याच्या पोटावर तो भस्म चोळी, तोच हात परातीत बुडवी आणि पिवळं पाणी सगळ्यांदेखत लालभडक होई.

"पाहिलंत? करणीनं रक्त ओकलं!"

भक्तांशी बाबा अहोजाहो बोले, करणीशी मात्र अगंतुगं. "निघतेस, की बोलावू तुझ्या मावशीला?" ही मावशी कोण, हे कुणी विचारलं नाही. करणी तिला घाबरत असावी. पाणी एकदाही पिवळं राहिलं नाही.

जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणाऱ्या झुलालच्या पोटात तीन वर्षं आग होती. बाबाचं भस्म पाण्यातून प्याला, लांबलचक ढेकर दिला आणि आग थांबली. खरंच थांबली. त्याची बायको कुंदाबाई हिनं परातीलाच हात जोडले.

संध्याकाळी आग परत आली. मग भस्म वाढलं. पाचव्या आठवड्यात झुलालला डांबरासारखी काळी शौच झाली.

"आनंदाची बातमी!" बाबा म्हणाला. "काळी करणी गळतेय. अजून दोन मंगळवार."

कुंदाबाईनं गल्लीत गूळ वाटला.

पुढच्या मंगळवारी झुलालला उभं राहिलं की भोवळ येत होती. पुतण्या अभिमन त्याला बैलगाडीतून चिंचेखाली घेऊन गेला. कुंदाबाईच्या अंगणात त्या दिवशी उडदाचे पापड होते. पीठ भिजवताना पापडखाराचं पाणी तिच्या जुन्या पातळावर सांडलं. पातळाला हळदीचे डाग होते. ते लाल झाले. असे डाग ती दर उन्हाळ्यात बघायची आणि चिडायची. आज ती चिडली नाही. घरात गेली, भस्माची पुडी उघडली, चिमूट जिभेवर ठेवली. जीभ चरचरली. चव ओळखीची होती.

खाराच्या पाण्याची लोटी घेऊन ती तशीच चिंचेखाली गेली. बाबानं झुलालच्या पोटाला हात लावण्याआधीच तिनं लोटी परातीत रिकामी केली. पाणी लाल.

"महाराज, मन्हा पापडले बी करणी व्हयनी का?"

रांगेतली म्हातारी भिकुबाई खदखदून हसली. "मंग आम्हना बठ्ठा पापडले व्हयेल शे!" बठ्ठा म्हणजे सगळ्या; त्या महिन्यात तिथल्या प्रत्येक बाईचे हात पापडखारात होते. हसू रांगेतून मागेपर्यंत गेलं.

"बाईनं विटाळ केला!" बाबा ओरडला. पण त्याचा एक पाय तोवर चप्पल शोधत होता.

तेवढ्यात झुलाल कोसळला. मिळाली ती जीप करून त्याला धुळ्याला नेलं.

धुळ्याच्या डॉ. सत्तारांनी आधी रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. मग दुर्बिणीची नळी पोटात घालून पाहिलं. आत जखम होती, वाहणारी.

"काळी शौच म्हणजे पोटात पचलेलं रक्त, ताई. अजून दोन मंगळवार थांबला असतात, तर झुलालभाऊ हाती लागले नसते."

कुंदाबाईला गल्लीत वाटलेला गूळ आठवला. ती खाली बघत राहिली.

डॉक्टरांनी जखमेजवळचा कणभर तुकडा पिवळ्या पाण्याच्या छोट्या बाटलीत टाकला होता. अर्ध्या तासात ते पाणी गुलाबी झालं. कुंदाबाईनं मान वर केली.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही बी पापडखार टाका का?"

डॉक्टर हसले. "मी नाही, जंतूनं टाकला. पोटातल्या आम्लात जंतू मरायला हवेत. हा मरत नाही. स्वतःभोवती खारासारखा अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशानं पोटाच्या अस्तरात घुसतो. पाणी रंग बदलतं ते त्या अमोनियानं."

"म्हणजे बाबानाच धंदा!"

"बाबापेक्षा हुशार. पुष्कळांच्या पोटात तो गुपचूप राहतो. पण त्याच्या काही जाती जहरी. त्या विष सोडतात, अस्तर पोखरतात. भस्मानं आम्ल तेवढं मरत होतं, म्हणून आग थांबायची. जंतू मजेत होता."

कुंदाबाईचं समाधान झालं नाही. एकदा फसलेली बाई होती ती. "कोनाबी तुकडा टाका, लालच व्हई."

डॉक्टरांना राग आला नाही. त्यांनी फळीवरच्या आणखी दोन बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या. त्याच सकाळच्या, तेच पाणी, आत दुसऱ्या रोग्यांचे तुकडे. दोन्ही पिवळ्याच होत्या; त्या पोटांत हा जंतू नव्हता.

तिनं दोन्ही उजेडात धरून पाहिल्या. मग म्हणाली, "बाबानी परात एक डाव बी पिवळी नही ऱ्हायनी."

झुलालनं चौदा दिवस जंतू मारणाऱ्या आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेतल्या. जखम भरली. पावसाळ्यानंतर तो पुन्हा गाठी बांधू लागला. मगनबाबा दुसऱ्या तालुक्यात गेल्याचं ऐकिवात आहे. परात सोबत नेली.

ती तुमच्या गावात आली, तर रागावू नका, मारायला धावू नका. कुंदाबाईची आठवण ठेवून एवढंच म्हणा: लाल झालेलं पाहिलं, आता पिवळं राहिलेलं दाखवा.