दादाची भोकं, बाबांची होडी

माझ्या दादाला दोन गोष्टी उत्तम जमतात: भोक पाडणं, आणि ते दुसऱ्या कुणी बुजवेपर्यंत शिट्टी वाजवत बसणं. बाबांच्या होडीत लोखंडी बाकं बसवून पाहुण्यांना फिरवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं, तेव्हा त्याने ड्रिल घेऊन तळाची पार चाळण केली. पुढे बाकं गंजली, खूळ उतरलं, भोकं तेवढी राहिली. "भोकांच्या होडीत मी पाय ठेवणार नाही," असं बाबा म्हणाले आणि खरंच ठेवला नाही. होडी अंगणात पालथी पडली आणि बाबा खुर्चीत बसले.

आता दादाने हॉटेल काढलं होतं. होडी मधोमध कापून तिचा काउंटर करायचा, असं त्याने परस्पर सुताराला सांगूनही टाकलं. ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

"कापायची नाही. भोकं मी बुजवते."

"तू?" दादा हसला. "तुझं दुकान ब्लाउजचं. होडीला अस्तर लावणार की काय?"

"पुढच्या रविवारी या होडीने बाबांना नदीच्या पलीकडच्या काठाला नेऊन आणलं, तर सुताराने करवत घेऊन निघायचं. नाहीतर घेऊन जा तुझा काउंटर."

बाबा खुर्चीतून म्हणाले, "बोललीस ना? मग लाग कामाला. हात थरथरतात माझे, तोंड नाही."

तोंड अजिबात थरथरत नव्हतं. मी मोडक्या खुर्चीच्या गोल पायाचे तुकडे केले, तासून भोकांत ठोकले आणि ऐटीत उभी राहिले. बाबांनी काठीने एकावर टकटक केलं.

"काढ."

"अहो, एवढं घट्ट बसलंय!"

"घट्ट आहे, पण चुकीचं आहे. लाकूड टोकाकडून पाणी पितं. तू त्याचं तोंडच पाण्यात धरलंस."

मी वाकून बघितलं. फळीच्या रेषा लांबीने धावत होत्या आणि माझे तुकडे त्यांत उभे खुपसलेले होते. असं ठिगळ माझ्या दुकानातल्या कुणी लावलं असतं, तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

"म्हणजे कापडासारखंच? उभ्या धाग्याला उभा धागा?"

"मग शिंपीणबाई, इतका वेळ काय झोपा काढत होतात?"

सगळं उपटलं. जुन्या फळीतून नवे तुकडे कापले, रेषेला रेषा जुळवली, गरम राळ लावून बसवले. वरून रंधा मारला. फटींत कापसाचा पीळ ठोकला. हाताला फोड आले, पण तळावरून तळवा फिरवला तर कुठे अडेना. लहानपणी बाबा दादाला वल्हवायला शिकवायचे आणि मी काठावर बसून त्याचे उसवलेले शर्ट शिवायची. त्याचा राग मला तेव्हाही होता, आताही होता, आणि खरं सांगते, रंधा मारताना तो फार उपयोगी पडला.

शुक्रवारी चार शेजाऱ्यांनी हात लावून होडी पाण्यात लोटली, आणि बघता बघता ती भरायला लागली. दादाने टाळीच वाजवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. होडीत तर होतंच.

"रडतेस कशाला?" बाबा ओरडले. "भोकांतून येतंय का बघ!"

"नाही... फळ्यांच्या फटींतून."

"मग? इतकी वर्षं उन्हात पडलीय, तहान लागलीय तिला. दगड भर आणि बुडव."

"बुडवू?"

"कडेपर्यंत. पिऊ दे पोटभर."

मी बुडवली. दादाने तिथूनच सुताराला फोन लावला.

रविवारी सुतार करवत घेऊन हजर. मी दगड काढले, बादलीने पाणी उपसलं. होडी हळूहळू वर आली. फळ्या फुगून एकमेकींना अशा भिडल्या होत्या की फटीत नखही शिरेना. आम्ही थांबलो. पाणी आलं नाही. दादाने आत उतरून चक्क उड्या मारल्या, तरी थेंब नाही. सुतार गुडघ्यावर बसला, तळावरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "पण भोकं होती कुठे?"

मला त्याला मिठीच मारावीशी वाटली.

मग बाबा खुर्चीतून उठले. काठाशी चपला काढल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि होडीत पाय ठेवला. ते पुढच्या फळीवर जाऊन बसले. मी सवयीने म्हणाले, "दादा, ये, वल्हव."

"त्याला कशाला बोलावतेस?" बाबा म्हणाले. "बस मधे. वल्ही घे."

"बाबा, मला नाही येत."

"ठाऊक आहे. मीच शिकवलं नाही. ते भोक माझं आहे, दादाचं नाही." त्यांनी थरथरत्या बोटाने पलीकडचा काठ दाखवला. "चल, दोन्ही हात एकदम ओढ."

होडी आधी जागच्या जागी गरगर फिरली. काठावर हशा पिकला, बाबाही हसले. मग ते "डावा! आता उजवा!" असं ओरडत राहिले आणि मी ओढत राहिले. आम्ही पलीकडे टेकलो आणि वळून परत आलो. बाबांचे पाय कोरडे होते.

दादा काठावर उभा होता.

"दोर धर," मी म्हणाले.

त्याने गुपचूप धरला.